पाणी घालायचा क्रम

बस वळणावर हळू झाली म्हणून तो पिवळा डाग मला दिसला.

रस्त्याला लागून गव्हाचं शेत होतं. सगळं हिरवंगार, फक्त मधोमध, जिथे जमीन बशीसारखी खोलगट होती तिथे, धुऊन रंग उडाल्यासारखा फिकट पट्टा. मी बस थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "ताई, इथे उतरून काय करणार? इथे काही नाही." तोवर मी उतरलेसुद्धा.

थंडीतला भुरभुर पाऊस होता, छत्री उघडावी की नाही असा. बांधावरून आत जाऊन मी पिवळ्या पट्ट्याच्या कडेला उकिडवी बसले आणि एक रोप मुळांसकट हळूच उपटलं. कोवळ्या पानांवर पिवळ्या, तुटक-तुटक रेघा. खत कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी होतात, तीही एकसारखी. हे तसं नव्हतं. मी आणखी एक रोप घेतलं. मग आणखी. जेवणाचा डबा रिकामा होता, त्यात ती नीट आडवी ठेवली.

"पाच झाली," मागून आवाज आला. "अजून हवीत, की पाचांत भागेल?"

मी दचकून उठले आणि चिखलात घसरले. त्याने हात पुढे केला नाही. तो माझ्या डब्याकडे बघत होता. भुवयांवर पावसाचे बारीक थेंब, आणि नजर... चोर सापडल्याची.

"मी वनस्पतिरोग प्रयोगशाळेत काम करते," मी म्हटलं.

"ओळखपत्र?"

"टेबलावर राहिलं."

"चोरांचं नेहमी टेबलावरच राहतं."

"चोर मुळं जपून उपटत नाहीत."

तो वाकला. मी केलेला खड्डा त्याने पाहिला, शेजारच्या रोपांना धक्काही लागला नव्हता. "हे मात्र खरं," तो म्हणाला. "इतक्या हळुवार हाताने माझ्याकडे आजवर कुणी चोरी केली नाही."

माझे कान गरम झाले. असं झालं की मी कामाचं बोलू लागते. "तुमच्या जमिनीत विषाणू असावा असा मला संशय आहे."

पहिल्या भेटीत बोलायचं हे वाक्य नव्हे, हे मलाही कळतं. त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं. "हे बियाण्याचं शेत आहे," तो सावकाश म्हणाला. "तो शब्द इथे पुन्हा उच्चारू नका."

चौथ्या दिवशी तो स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. खांद्यावर मातीची गोणी.

"तुमचा संशय," तो म्हणाला, "मी उचलून आणलाय. तपासा."

त्याची गोष्ट मला त्या दिवशी कळली. आठ वर्षांपूर्वी वादळात त्याचा सगळा गहू आडवा झाला होता. एकच ताट उभं राहिलं. त्या ताटाची एक ओंबी त्याने जपली आणि वर्षानुवर्षं निवडत-निवडत त्यातून नवं वाण उभं केलं. यंदा बियाणे मंडळ ते पहिल्यांदाच गावोगाव वाटणार होतं. पण जमिनीत हा विषाणू निघाला, तर त्या शेतातलं एक पोतंही बाहेर जाणार नव्हतं. दाण्यांत रोग उतरत नाही. दाण्यांबरोबर मातीचे कण जातात, आणि त्या कणांमधला रोग वीस-वीस वर्षं मरत नाही.

म्हणजे लबाडी करायला या माणसाकडे आठ वर्षांचं कारण होतं. मी गोणी उघडली, माती बोटांवर घेतली. काळी, चिकट, खोलगट जागेतली वाटत होती. तरी विचारलं, "ही पिवळ्या पट्ट्यातलीच कशावरून?"

"आणि तुम्ही हीच माती कुंड्यांत भराल, कशावरून?"

म्हणून दोघं मिळून पुन्हा त्याच्या शेतावर गेलो, मी माझ्या हाताने माती काढली आणि त्याने त्याच्या हाताने पिशवीचं तोंड शिवलं. टाके मोजून एका कागदावर लिहून खिशात ठेवले. "एकवीस," तो म्हणाला. "तुम्हीही लिहून ठेवा." मी लिहून ठेवले.

ही तपासणी घाईची नसते. संशयित मातीत निरोगी गव्हाचं बी पेरायचं, गारव्यात आणि ओलीत वाढवायचं, आणि सहा-सात आठवड्यांनी मुळं धुऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. विषाणू एकटा फिरत नाही. मुळांत राहणारा एक बुरशीसारखा जीव त्याला पाण्यातून वाहून नेतो, आणि त्या जीवाचे बीजाणू मुळांत घोस धरून बसलेले दिसतात. तुलनेसाठी आणखी दोन ओळी लावायच्या: एक वाफेने शुद्ध केलेल्या स्वच्छ मातीची, एक नक्की रोगट मातीची. प्रत्येक ओळीत बारा कुंड्या.

आठवड्यातून एकदा शेतमालकाला येऊन बघता येतं, असा नियम आहे. माझ्या नोकरीच्या सहा वर्षांत कुणी आलं नव्हतं. तो दर गुरुवारी अकराला येऊ लागला. दारातल्या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचा, माझेही बूट ओले आहेत ना ते बघायचा, आणि आपल्या ओळीशी जाऊन रोपं मोजायचा.

गुरुवारी, कुंड्या ज्या काचघरात होत्या तिथल्या मामांची सुट्टी. पंचवीस वर्षं ते काचघर मामांनीच सांभाळलंय. त्यामुळे त्या दिवशी झारी माझ्या हातात असे.

"तुम्ही मघापासून माझ्याकडे बघताय," दुसऱ्या गुरुवारी तो म्हणाला.

"तुमच्या हातांकडे बघतेय."

"काय आहे एवढं हातांत?"

"काही नाही ना, तेच बघतेय."

त्याने दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून दाखवले. मी नोंदवहीत लिहिलं: शेतमालक अकरा वाजता आले. कुंड्यांना हात लावला नाही.

त्याने वाकून वाचलं. "'हसले' हे नाही लिहिलंत?"

"त्याचा चाचणीशी संबंध नाही."

"नक्की?"

काचेवर पाऊस वाजत होता. मी झारी घेऊन पुढच्या कुंडीकडे वळले... उत्तर द्यायचं टाळलं की कुठेतरी पाणी घालावं लागतं.

घरी वहिनीला वास लागला. "काय गं, गुरुवार कसा गेला?"

"कसला गुरुवार?"

"ज्या वारी तू निळा स्वेटर घालतेस तो. बाकी सहा वार करडा." तिने दादाकडे पाहून डोळे मिचकावले. "काय करतो तुझा गुरुवार?"

"त्याच्यावर माझा संशय आहे, वहिनी."

"असू दे की. तुझ्या दादावर मला अजून आहे."

तेव्हापासून घरात त्याचं नावच गुरुवार पडलं.

पण माझा संशय खोटा नव्हता. तिसऱ्या गुरुवारी त्याने सहज विचारावं तसं विचारलं होतं, "समजा, स्वच्छ मातीच्या कुंड्यांतच रोग निघाला तर?"

"मग चाचणी रद्द. सगळं पहिल्यापासून."

"आणि तोवर शेतावर बंदी नाही?"

"निकालच नाही, तर बंदी कशी येईल?"

"असं..." तो म्हणाला आणि बराच वेळ स्वच्छ ओळीकडे बघत राहिला. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवशीची नोंद मी दोन ओळी जास्त लिहिली.

आणि सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, स्वच्छ ओळीतल्या पहिल्या कुंडीत पिवळी रेघ उमटली.

मी तीन वेळा पाहिलं. मग दुसऱ्या कुंडीतही दिसली. मुख्य बाईंना बोलावलं. आमच्या मुख्य बाई चष्मा वर करून, नाक पानाला टेकवून बघतात. त्यांनी बघितलं आणि सरळ झाल्या.

"शेतमालकाच्या ओळीत काय आहे?"

"रोग आहे. बारापैकी दहा कुंड्यांत."

"आणि स्वच्छ ओळ बिघडलीय. म्हणजे त्याच्याविरुद्धचा निकाल देता येत नाही. किती सोयीचं!" त्यांनी चष्मा खाली केला. "कुठेतरी पाणी मुरतंय. दर आठवड्याला येतो तो, नाही का? चिमूटभर माती टाकायला किती वेळ लागतो? त्याने काय विचारलं होतं, कधी विचारलं होतं, सगळं लिही. शुक्रवारी अहवाल हवाय."

मामा कोपऱ्यात नळ घासत होते. म्हणाले, "बघा हं बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

मला ते आवडलं नाही. संन्याशासारखं त्याच्यात काही नव्हतं. अहवालाची पहिली ओळ मी लिहिली: 'शेतमालकाने तिसऱ्या भेटीत पुढीलप्रमाणे विचारणा केली.' वाक्य अचूक होतं. हात मात्र पुढे सरकेना. मी पेन ठेवलं आणि मुळं धुवायला घेतली. पुरावा आधी, अहवाल नंतर.

स्वच्छ ओळीतल्या बाराही कुंड्यांची मुळं मी रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिली. पहिल्या कुंडीत बीजाणूंचे घोसच घोस. दुसरीत त्याहून कमी. तिसरीत मोजके. चौथीत दोनच. पाचवीपासून बारावीपर्यंत एकही नाही.

मी मागे टेकून बसले. चिमटीने माती टाकणारा माणूस अशी टाकत नाही. एका कुंडीत टाकेल, सगळ्यांत टाकेल, मिळेल तिथे टाकेल. असं उतरत्या क्रमाने, हात धुतला जावा तसं, फक्त पाणी करतं. रोग असलेल्या कुंडीच्या मातीला टेकलेलं झारीचं तोंड घेऊन कुणीतरी या ओळीवर आलं होतं, आणि चार कुंड्यांत ते तोंड धुतलं गेलं होतं.

आमच्याकडे नळाच्या वर मामांनी रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: आधी स्वच्छ, मग संशयित, शेवटी रोगट. पाणी याच क्रमाने, आणि शेवटी झारी धुवायची. पाणी घातलं की क्रम नोंदवहीत लिहायचा आणि सही करायची. मी नोंदवही उघडली. शुक्रवार ते बुधवार, मामांचं वाकडं अक्षर: स्वच्छ, संशयित, रोगट. आणि दर गुरुवारी, माझ्या वळणदार अक्षरात...

संशयित, स्वच्छ, रोगट.

पाच वेळा. खाली माझी सही. मी खोटं लिहिलं नव्हतं, चुकूनही नाही. जे केलं तेच लिहिलं होतं, फक्त काय लिहितेय हे वाचलं नव्हतं. तो त्या ओळीशी उभा असायचा, म्हणून मी झारी भरून आधी तिकडेच जात होते.

गुरुवारी तो आला. मी निळा स्वेटर घातला नव्हता. पाचही नोंदी त्याच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं: कुंड्या, घोस, क्रम. माझी चूक. चाचणी रद्द होणार हेही. "पण तुमच्या जमिनीत रोग आहे," मी म्हटलं. "तो नसता, तर माझ्या झारीतून या ओळीत आलाच नसता. कागदावर नसलं तरी हे खरं आहे."

मग त्याने नळाच्या वरच्या अक्षरांकडे हनुवटीने दाखवलं. "मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

मला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे... तुम्हाला दिसत होतं?"

"दर गुरुवारी."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही आधी त्या टोकाला गेला असतात."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी या वाक्यावर आठवडाभर जगले असते. त्या दिवशी मी नोंदवही मिटली. "की चाचणी बिघडावी म्हणून गप्प बसलात?"

"पहिल्या गुरुवारी," तो म्हणाला, "हो. बिघडतेय तर बिघडू दे, असं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू?"

"आणि नंतर?"

"नंतर ते कारण राहिलं नाही."

"कशावरून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच संशय नव्हता, थकवा होता. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीला 'कशावरून' लागतं."

"हो. लागतं."

तो निघाला. जाताना नियमाप्रमाणे ट्रेमध्ये बूट बुडवले. मी वहीत लिहिलं: शेतमालक अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. पुढे काहीतरी लिहायचं होतं, ते सुचलं नाही.

घरी करडा स्वेटर बघून वहिनीने नुसता चहा पुढे केला.

शुक्रवारी मी अहवाल दिला. त्यात एकच दोषी होती. मुख्य बाईंनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"क्रम बदलण्याचं कारण?" त्यांनी विचारलं. "हा रकाना रिकामा आहे."

"लक्ष नव्हतं."

"सहा वर्षांत कधी गेलं नाही ते पाच गुरुवार लागोपाठ गेलं?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं, कारण त्या खोकल्या. मग फाइलमधून एक कागद काढून माझ्याकडे सरकवला. "बियाणे मंडळाने माहितीसाठी पाठवलेली प्रत. आवक टपालात महिनाभर पडून होती, आज हाताशी आली. तारीख बघ."

पत्र त्याचं होतं. चार ओळी. 'माझं वाण यंदाच्या वाटपातून मागे घेत आहे. माझ्या जमिनीबद्दल तपासनीस बाईंना संशय आहे. त्यांनी पाच रोपं उपटली ती पाहिल्यापासून मलाही आहे. खात्री होईपर्यंत एक दाणाही बाहेर देणार नाही.'

तारीख पहिल्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारची होती.

मी बोटांवर मोजलं. तेव्हा रोपं दोन बोटंही वर आली नव्हती. मग उरलेले चार गुरुवार चाचणी बिघडण्यात त्याचा काडीचाही फायदा नव्हता. आठ वर्षं त्याने एका दिवसात बाजूला ठेवली होती, आणि मला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी विचारलं होतं ते स्वतःची सुटका शोधण्यासाठी नव्हतं... चाचणी बिघडली तर माझं काय होईल, ते बघत होता.

"चाचणी पुन्हा होईल," मुख्य बाई म्हणाल्या. "दुसरी तपासनीस करेल. तू त्या कुंड्यांच्या आसपासही दिसायचं नाहीस. आणि तुझ्या कामातून का काढलं, याचा कागद लागेल." त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. "हा भर. खोटं लिहू नकोस."

अर्जावर एकच प्रश्न होता: तपासनिसाचं शेतमालकाशी नातं असल्यास नमूद करावं.

मला तो भरता येत नव्हता. तेवढी माहितीच माझ्याकडे नव्हती.

शनिवारी बसच्या त्याच कंडक्टरने विचारलं नाही, मी सांगायच्या आत बस थांबवली. ऊन चढलं होतं. पिवळा पट्टा आता शोधूनही सापडला नसता. ऊब वाढली की पानं हिरवी होतात आणि रोग दिसेनासा होतो, जात नाही.

तो शेतात कमरेएवढ्या गव्हात उभा होता. हातात कात्री, गळ्यात अडकवलेली पांढरीशुभ्र पिशवी. एक-एक लवकर पिकलेली ओंबी वरूनच कापत होता, जमिनीला लागू न देता.

"आत येऊ नका," तो ओरडला. "तुमच्या बुटांवर भरवसा नाही."

"माझाही तुमच्या जमिनीवर नाही," मी बांधावरून ओरडले. "काय करताय?"

"दाण्यांत रोग उतरत नाही म्हणालात ना? पिशवीभर ओंब्या मातीशिवाय काढतोय. वरच्या माळाची माती तुमच्याकडून तपासून घेईन आणि तिथे पेरेन. तीन वर्षांत पुन्हा इथवर येईन." तो थोडा थांबला. "तुमचं म्हणणं ऐकलं, एवढंच."

"माळाची माती मी नाही तपासू शकणार."

तो बांधापाशी आला. पावलं मोजून, काही अंतर ठेवून उभा राहिला. "का? नोकरी गेली?"

"नाही. तुमच्या कामातून काढलंय." मी अर्ज पुढे केला. "कारण लिहायचंय. ते मला एकटीला भरता येत नाही."

त्याने हात रुमालाला पुसले आणि अर्ज घेतला. नेहमीप्रमाणे दोनदा वाचला. मग उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं. गव्हावरून वारा गेला, सगळ्या ओंब्या एका बाजूला कलल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"पत्र वाचलंत तर," तो म्हणाला.

"तारीख वाचली."

"तुम्ही तारखाच वाचणार." हसू ओठांच्या एका कोपऱ्यात येऊन थांबलं. "इथे एकच ओळ आहे."

"एका ओळीत बसेल असं सांगा."

"नसेल तर?"

"नसेल तर... 'नातं नाही' लिहीन. तेही बसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले, आणि या वेळी हातांकडे नाही.

"लिहा," तो म्हणाला. "लग्न ठरलंय."

"कधी ठरलं?"

"खाली तारखेचा रकाना आहे ना? आजची घाला."

"घरच्यांना विचारायला नको?"

"आईला मी पहिल्या गुरुवारीच सांगितलंय. तुमच्याकडे कुणाला विचारायचं?"

"वहिनीला," मी म्हटलं. "पण ती हो म्हणेल. तिने तुमचं नावसुद्धा ठेवलंय."

"काय?"

"ते नंतर सांगेन."

मी पेन काढलं. शाईने भरायच्या अर्जावर खाडाखोड चालत नाही, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. मी अर्ज डब्यावर टेकवून, दम खाऊन, सुवाच्य अक्षरात दोन शब्द लिहिले. तारीख घातली. खाली माझी सही केली.

त्याने बांधाच्या पलीकडून वाकून ती सही नीट तपासली, आणि मग पेनसाठी हात पुढे केला.